फाटा कुठे फुटतो, आणि कसा?

नकाशावर रस्ता म्हणजे एक रेघ. शाळेत आपण ती रेघ दोन गावांना जोडणारी म्हणून शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण रस्त्याची खरी गोष्ट रेघेत नसते, ती रेघेला रेघ मिळते तिथे असते. फाटा, तिठा, चौफुली, टी-पॉइंट अशी या जागांची नावे आहेत. एस.टी. तिथेच थांबते, चहाची टपरी तिथेच उभी राहते, भाजीच्या टोपल्या तिथेच मांडल्या जातात आणि अपघातही बऱ्याचदा तिथेच होतात. मग फाटा अमुक जागीच का फुटतो? त्याचा कोन कोण ठरवतो? तिथे धोका नेमका किती असतो, हे मोजता येते का? माध्यमिक शाळेतील भूमिती आणि थोडे भौतिकशास्त्र एवढ्या भांडवलावर या प्रश्नांची बरीचशी उत्तरे मिळतात.

उदाहरणासाठी नागपूरहून आग्नेयेकडे जाणारा रस्ता घेऊ. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडून आरमोरी असा त्याचा क्रम आहे. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून तो जातो. पूर्वी तो राज्य मार्ग होता. आज त्याचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग ३५३ डी असा आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. त्यात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक मिळाले. नागपुरातून जाणारा जुना ७ क्रमांकाचा मार्ग ४४ झाला आणि जुना ६ क्रमांकाचा ५३ झाला. ३५३ म्हणजे ५३ च्या शाखांपैकी एक. पुढचे अक्षर त्या शाखेचा वेगळा तुकडा दाखवते. म्हणजे नुसता क्रमांक वाचूनही हा रस्ता कोणत्या घराण्यातला ते समजते. क्रमांक बदलला तसा मैलाच्या दगडांचा रंगही बदलला. राज्य मार्गाच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा पिवळा.

नागपूर योजना

रस्त्यांची अशी प्रतवारी आपल्या देशात जिथे पक्की झाली ते शहर नागपूरच. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. डिसेंबर १९४३ मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते येथे जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार केला. तोच 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याआधी १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींमधून पेट्रोलवरील कराचा रस्ते निधी १९२९ मध्ये आणि भारतीय रस्ते काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था १९३४ मध्ये उभी राहिली. पण साऱ्या देशाचे रस्ते एका हिशेबात बसवण्याचा पहिला प्रयत्न नागपूरचा.

या योजनेने रस्त्यांचे पाच वर्ग केले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग. स्वातंत्र्यानंतर प्रांतांची राज्ये झाली आणि प्रांतिक महामार्गाचा 'राज्य मार्ग' झाला. देशात एकूण सुमारे ५.३२ लाख किलोमीटर रस्ते असावेत, म्हणजे दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी १६ किलोमीटर, असे उद्दिष्ट ठेवले गेले. शेतीच्या विकसित प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा, म्हणजे आठ किलोमीटरपेक्षा दूर नसावे, असा दंडक होता. पुढच्या मुंबई योजनेने (१९६१-८१) घनतेचे उद्दिष्ट ३२ वर नेले, आणि लखनौ योजनेने (१९८१-२००१) ८२ वर.

आता या आठ किलोमीटरच्या दंडकातून गणित कसे निघते ते पाहा. पहिल्या तीन वर्गांच्या मुख्य रस्त्यांची लांबी काढण्यासाठी योजनेने एक सूत्र दिले होते. किलोमीटरमध्ये ते असे मांडता येते:

लांबी = क/८ + ख/३२ + १.६ ग + ८ घ + वाढ − रेल्वे

येथे क म्हणजे शेतीचे क्षेत्र आणि ख म्हणजे बिनशेतीचे क्षेत्र, दोन्ही चौरस किलोमीटरमध्ये. ग म्हणजे २००१ ते ५००० लोकवस्तीच्या गावांची संख्या आणि घ म्हणजे त्याहून मोठ्या गावांची संख्या. 'वाढ' म्हणजे पुढील विकासासाठी धरलेले १५ टक्के, आणि 'रेल्वे' म्हणजे त्या भागातील लोहमार्गाची लांबी.

सूत्रातला ८ कुठून आला? कागदावर १६ किलोमीटर बाजूच्या चौकोनांची जाळी काढा. रेघा म्हणजे रस्ते. चौकोनाच्या मध्यबिंदूपासून कोणतीही बाजू ८ किलोमीटरवर आहे. त्यामुळे या जाळीत कोणतेही गाव रस्त्यापासून ८ किलोमीटरपेक्षा दूर राहूच शकत नाही. आता रस्त्यांची लांबी मोजा. प्रत्येक चौकोनाला चार बाजू, म्हणजे ६४ किलोमीटर. पण प्रत्येक बाजू शेजारच्या चौकोनाशी सामाईक असल्याने वाट्याला ३२ किलोमीटरच येतात. चौकोनाचे क्षेत्रफळ २५६ चौरस किलोमीटर. ३२ भागिले २५६ म्हणजे १/८. हाच सूत्रातला क/८. बिनशेतीच्या भागासाठी जाळी ६४ किलोमीटरची धरली की ख/३२ मिळतो. विद्यार्थ्यांनी तो स्वतः पडताळून पाहावा.

आणखी एक गंमत आहे. जास्तीत जास्त अंतर ८ किलोमीटर हे ठीक, पण सरासरी गाव रस्त्यापासून किती दूर असेल? चौकोनातील प्रत्येक बिंदूवर, त्याचे जवळच्या रस्त्यापासूनचे अंतर जितके असेल तितक्या उंचीची काठी उभी केली अशी कल्पना करा. कडेला उंची शून्य, मध्यभागी ८. काठ्यांच्या टोकांवर कापड पसरले तर पिरॅमिड तयार होतो. पिरॅमिडचे घनफळ पाया गुणिले उंची याच्या एक-तृतीयांश असते. म्हणून सरासरी उंची ८ च्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे २.७ किलोमीटर. योजनेने सरासरी अंतर दोन मैलांच्या, म्हणजे ३.२ किलोमीटरच्या आत असावे असे म्हटले होते. जाळी त्या कसोटीला उतरते.

सूत्रातली ग आणि घ ही पदे मात्र जाळीत बसत नाहीत. गावे आपल्या सोयीने चौकोनांच्या कोपऱ्यांवर वसलेली नसतात. मोठ्या गावाला थोडे अधिकचे रस्ते लागतात, आणि ते गावातून चहूकडे किरणांसारखे फुटतात. म्हणून या आराखड्याला तारा आणि जाळी यांचा संयुक्त आकृतिबंध म्हणतात.

एक काल्पनिक तालुका घेऊन हिशेब करू. शेतीचे क्षेत्र १००० चौरस किलोमीटर, मध्यम गावे १०, मोठी गावे २ आणि लोहमार्ग ४० किलोमीटर. १२५ अधिक १६ अधिक १६ म्हणजे १५७. त्यावर १५ टक्के वाढ धरली की १८०.५. त्यातून रेल्वेचे ४० वजा केले की सुमारे १४१ किलोमीटर मुख्य रस्ते लागतील. वजाबाकी का? लोहमार्गानेही माल आणि माणसे जातात, तेव्हा तितका रस्ता कमी चालेल, असा तो विचार होता. आपल्या रस्त्यावर ही वजाबाकी डोळ्यांना दिसत असे. नागपूर ते नागभीड ही अरुंद मापाची, ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे उमरेड आणि भिवापूर याच गावांना धरून धावत होती. रुंद मापाच्या कामासाठी ती २०१९ मध्ये थांबवली गेली.

तारा कुठे, जाळी कुठे?

आता नकाशा पुन्हा उघडा. नागपूर हा मोठा तारा आहे. त्याच्या अनेक किरणांपैकी एक उमरेडला जातो. उमरेड हा लहान तारा. येथून एक किरण भिसी, चिमूरवरून वरोऱ्याकडे निघतो आणि दुसरा भिवापूरकडे. भिवापूरच्या पुढे डावीकडे पवनीला आणि तिथून भंडाऱ्याला जाणारा फाटा लागतो. नागभीडला सिंदेवाही-मूलकडचा रस्ता मिळतो. नागभीड हे लोहमार्गाचेही जंक्शन. गोंदिया-बल्लारशा मार्ग येथूनच जातो. ब्रह्मपुरीला पुन्हा दोन वाटा होतात, एक वडशाकडे आणि दुसरी आरमोरीकडे. दोन्हींना वैनगंगा ओलांडावी लागते. नदी ओलांडायची तर पूल हवा. पूल मनाला येईल तिथे बांधता येत नाही. पात्र आटोपशीर असावे, काठ ढासळणारे नसावेत, पायाला भक्कम खडक लागावा. म्हणून मोठ्या नदीच्या दोन्ही अंगांचे रस्ते पुलाच्या जागेकडे ओढले जातात, आणि रस्त्यांच्या गाठी कुठे पडाव्यात हे बऱ्याचदा नदीच ठरवते.

मोठ्या गावांमधले फाटे असे समजतात. पण दोन गावांच्या मध्ये, शेतांच्या कडेला, एखाद्या खेड्याचा रस्ता महामार्गाला मिळतो तो नेमका कुठे मिळावा? महामार्गापासून काही अंतरावर एक खेडे आहे आणि बाजाराचे गाव महामार्गावर पुढे दूर आहे असे समजा. खेड्यातून सरळ लंब काढून महामार्ग गाठावा, की तिरपे जाऊन पुढे गाठावा?

जोडाची जागा बाजाराच्या दिशेने एक मीटर पुढे सरकवली असे धरा. महामार्गावरचा प्रवास एक मीटरने घटला. खेड्याचा रस्ता मात्र थोडा वाढला. दोन रस्त्यांमधला कोन 'थ' असेल तर ही वाढ कोज्या थ मीटर इतकी असते. वेळेचा फायदा आणि तोटा सारखे झाले की जोडाची जागा सर्वात चांगली. यावरून नियम मिळतो:

कोज्या थ = खेड्याच्या रस्त्यावरील वेग ÷ महामार्गावरील वेग

खेड्याच्या रस्त्यावर ताशी ३० आणि महामार्गावर ६० किलोमीटर वेग असेल तर कोज्या थ निम्मा, आणि कोन ६० अंशांचा. २० आणि ८० असेल तर कोन ७५ अंशांच्या पुढे जातो. बैलगाडीचे काय? तिचा वेग दोन्हीकडे सारखाच. गुणोत्तर १, कोन शून्य. म्हणजे बैलगाडीने महामार्ग धरण्यात काहीच फायदा नाही, तिने शेतांमधून थेट बाजार गाठावा. जुन्या गाडीवाटा बाजाराच्या गावापासून ताऱ्याच्या किरणांसारख्या का फुटतात आणि मोटारयुगातले फाटे महामार्गाला काटकोनाच्या जवळ का मिळतात, याचे कारण या एका ओळीत आहे. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात शिरताना ज्या नियमाने वाकतो, त्याचाच हा भाऊबंद. तिथेही कमीत कमी वेळेची वाट निवडली जाते.

नऊ बिंदू

वेगाने आपल्याला वेळ वाचवून दिला. आता त्याची किंमत पाहू. दोन वाहनांच्या वाटा जिथे एकमेकींना शिवतात त्या जागेला संघर्षबिंदू म्हणू. तीन प्रकार आहेत. एका प्रवाहाचे दोन होतात तो विलगबिंदू, दोनांचा एक होतो तो मीलनबिंदू आणि वाटा आडव्या कापतात तो छेदनबिंदू. पहिल्या दोन प्रकारांत वाहने बहुधा एकाच दिशेला चाललेली असतात, धक्का लागला तरी तुलनेने हलका. छेदनबिंदूवर मात्र एक वाहन दुसऱ्याच्या कुशीत शिरते.

साधा तिठा घ्या. तीन बाजू, प्रत्येक बाजूने येणाऱ्याला दोन पर्याय. म्हणून विलगबिंदू तीन आणि मीलनबिंदू तीन. छेदनबिंदू कागदावर काढून मोजा. आपण डावीकडून वाहने चालवतो हे ध्यानात ठेवा. महामार्गावरून उजवीकडे खेड्यात वळणारा समोरून येणाऱ्याला छेदतो. खेड्यातून निघून उजवीकडे वळणारा जवळच्या पट्ट्यातील सरळ जाणाऱ्याला छेदतो. आणि हे दोन्ही उजवे वळणारे एकमेकांना छेदतात. एकूण तीन. सारे मिळून नऊ बिंदू, आणि तिन्ही छेदनबिंदूंमध्ये उजवे वळण आहेच.

आता चौफुली. प्रत्येक बाजूने येणाऱ्याला तीन पर्याय. विलगबिंदू आठ, मीलनबिंदू आठ आणि छेदनबिंदू सोळा, एकूण बत्तीस. एकच बाजू वाढली, पण धोक्याच्या जागा नवावरून बत्तिसावर गेल्या. म्हणूनच समोरासमोरच्या दोन खेड्यांचे रस्ते एकाच ठिकाणी मिळवण्याऐवजी काही अंतर सोडून दोन वेगळे तिठे केले, तर नऊ दुणे अठराच बिंदू होतात. मध्ये गोल वर्तुळ ठेवून वाहतूक फिरवली तर आठच राहतात आणि छेदनबिंदू एकही उरत नाही. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर उतरण्याचढण्याच्या जागा मोजक्या असतात आणि आडवी वाहतूक पुलाखालून किंवा वरून जाते, त्याचेही गणित हेच.

२००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हजारो वस्त्या पक्क्या रस्त्यांनी जोडल्या. दवाखाना, शाळा आणि बाजार जवळ आले, हे फार मोठे काम झाले. पण प्रत्येक नवा ग्राममार्ग कुठे ना कुठे मोठ्या रस्त्याला मिळतो, आणि प्रत्येक नवा जोड म्हणजे नऊ नवे बिंदू. पन्नास किलोमीटरमध्ये वीस फाटे असतील तर १८० बिंदू झाले. त्यातच मोठा रस्ता रुंद झाला आणि त्यावरचा वेग वाढला, तर जोडणी आणि धोका दोन्ही एकदम वाढतात.

थांबायला किती अंतर लागते?

समोर काही दिसले की चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत वेळ जातो. अभियंते आखणीसाठी तो २.५ सेकंद धरतात. त्या वेळात वाहन पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतर घर्षणाने ते थांबते. हे दुसरे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). घर्षणांक ०.३५ धरला तर एकूण अंतरे अशी येतात:

ताशी ४० किलोमीटर: सुमारे ४६ मीटर
ताशी ६० किलोमीटर: सुमारे ८२ मीटर
ताशी ८० किलोमीटर: सुमारे १२७ मीटर
ताशी १०० किलोमीटर: सुमारे १८२ मीटर

वेग ४० वरून ८० झाला, दुप्पट. अंतर मात्र पावणेतीन पट. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी होते आणि ही अंतरे आणखी वाढतात.

आता खेड्याकडून पाहू. कापसाची किंवा धानाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर थांबून पुन्हा निघतो. रस्ता पार करायला त्याला आठ सेकंद लागतात असे धरा. ताशी ८० च्या वेगाने येणारा ट्रक तेवढ्या वेळात १७८ मीटर येतो. म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला दोन्ही बाजूंना निदान एवढे अंतर मोकळे दिसले पाहिजे. शाळेत जाणारे मूल सेकंदाला १.२ मीटर चालते असे मानले तर सात मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला जवळजवळ सहा सेकंद लागतात, आणि ट्रक तोवर १३० मीटर येतो. प्रत्यक्षात फाट्याच्या कोपऱ्यावर काय असते? टपरी, जाहिरातीचा फलक, बाभळीचे झुडूप आणि अगदी तोंडाशी उभी असलेली बस. दृष्टीचा त्रिकोण तिथेच झाकला जातो. तिरप्या फाट्यावर तर मान पूर्ण मागे वळवल्याशिवाय येणारे वाहन दिसत नाही. म्हणून जुन्या तिरप्या वाटा शेवटच्या थोड्या अंतरात वळवून महामार्गाला काटकोनाच्या जवळ मिळवतात.

हा प्रश्न किती मोठा आहे? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन-सव्वादोन टक्के आहे, मृत्यूंमध्ये मात्र ३६ टक्के. हे सर्व अपघात फाट्यांवरचे नव्हेत. पण वेगवान रस्ता आणि संथ गावजीवन एकमेकांना भेटतात ती जागा फाटाच.

शाळेला काय करता येईल?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचा एक चांगला प्रकल्प यातून होतो. तीन कामे सुचवतो. पहिले, आपल्या तालुक्याच्या नकाशावर मुख्य रस्ते रंगवा, आलेखाचा कागद ठेवून क्षेत्रफळ मोजा आणि नागपूर सूत्राने येणारी लांबी प्रत्यक्ष लांबीशी ताडून पाहा. दुसरे, जवळच्या फाट्याचा आराखडा काढून संघर्षबिंदू मोजा. शाळेला येणारी मुले त्यांतल्या कोणत्या बिंदूंवरून जातात ते वेगळ्या रंगाने दाखवा. तिसरे, शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यावर न उतरता, बाजूच्या पट्टीबाहेरून पावलांनी मोजून दोन्हीकडचे दृष्टिअंतर काढा. दोन खांबांमधले अंतर मोजून घेतले आणि वाहनाला लागणारी सेकंदे घड्याळावर टिपली, की वेगही मिळतो. मग वरच्या आकड्यांशी तुलना करा.

दृष्टिअंतर कमी आढळले तर उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतात. कोपऱ्यातील झुडपे छाटणे, फलक आणि टपरी मागे सरकवणे, बसथांबा फाटा ओलांडून पुढे नेणे, ग्राममार्गाच्या तोंडाशी गतिरोधक आणि 'थांबा' ही पाटी लावणे. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा आणि पादचाऱ्यांना मध्ये थांबायला दुभाजकात जागा ही थोडी खर्चाची कामे, पण तीही पुलाच्या मानाने किरकोळ. मोजमापाचा तक्ता आणि आराखडा जोडून ग्रामपंचायतीमार्फत रस्त्याच्या खात्याकडे अर्ज दिला, तर त्याला नुसत्या तक्रारीपेक्षा वजन येते. 'येथे फार धोका आहे' या वाक्याला कोणीही उत्तर देऊन टाकते. 'येथे १७८ मीटर दिसायला हवे, पश्चिमेकडे ६० मीटरच दिसते' या वाक्याला उत्तर द्यायचे तर फाट्यावर येऊन मोजावे लागते.